गोव्यात पाहुणे येतात आरामाला, आणि मी होते हवालदार

म्हापसेकरीण | ८ जानेवारी २०२६, रात्री १०:४२

लग्न करून म्हापशाला आले त्याला येत्या मे महिन्यात नऊ वर्षं होतील. गोव्यात घर असलं की नातेवाइकांचं प्रेम कसं उफाळून येतं, हे अनुभवी लोकांना सांगायला नको. त्याबद्दल तक्रार नाही. खोल्या आहेत, गाद्या आहेत, मासळीबाजार जवळ आहे. तक्रार माझी माझ्याबद्दलच आहे.

गेल्या फेब्रुवारीत धाकटे भावजी, जाऊबाई, त्यांची दोन मुलं आणि भावजींचे दोन मित्र सहकुटुंब आले होते. एक दिवस मोरजीला गेलो. चापोरा नदी समुद्राला मिळते त्या टोकाला गर्दी कमी, म्हणून मंडळी तिकडेच सरकली. तेरा वर्षांचा पुतण्या कमरेइतक्या पाण्यात उभा होता. मी वाळूत सगळ्यांच्या चपला जोड्या लावून ठेवत होते. मान वर केली तेव्हा तो होता तिथून पंधरा-वीस हात डावीकडे होता आणि पाणी छातीपर्यंत आलं होतं. तो पोहत नव्हता, पाणी त्याला नेत होतं. माझ्या हातात कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल होती, तीच हलवत मी ओरडत सुटले. लांबून जीवरक्षक शिट्टी फुंकत धावत आला आणि पाच-सात मिनिटांत मुलगा बाहेर. त्याला तर मजाच वाटली. भावजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही उगाच घाबरता. माझं लक्ष होतं की." लक्ष होतं, पण मोबाइलात.

त्यानंतरचे तीन दिवस मी सगळ्यांच्या मागे. हेल्मेट घाला, खडकावर जाऊ नका, सूर्य बुडाला, बाहेर या. शेवटच्या रात्री जाऊबाई हसतहसत म्हणाल्या, "ताई, पुढच्या वेळी हजेरीपट पण ठेवा." सगळे हसले, मीही हसले. पण लागलं ते लागलंच.

आता २३ ते २६ जानेवारी पुन्हा सगळे येताहेत, या वेळी सासूबाईंसकट. एकूण बारा माणसं. लोक इथे डोकं बाजूला ठेवायलाच येतात, ते मला मान्य आहे. पण डोकं नेमकं किती बाजूला ठेवायचं आणि ते सांगायचं कुणी? की यजमानानं गप्प बसून सोलकढी वाढावी?

---

अर्धवट पुणेकर | ८ जानेवारी, रात्री १०:५१

पहिला! रुमाल टाकून ठेवतो.

तुमचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आम्ही सहाजण आहोत, अतिशय आज्ञाधारक.

---

कोल्हापुरी ठसका | ८ जानेवारी, रात्री ११:२०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. १९९४ पासून दरवर्षी गोव्याला जातो. हेल्मेट नाही, लाइफ जॅकेट नाही, रात्री दोन वाजता हणजूणहून कळंगुटला गाडीवर. काही झालं नाही. हल्ली लोकांना सगळ्याचीच भीती वाटते. दहा मेसेज वाचायचे आणि मग समुद्रावर जाऊन घोट्याएवढ्या पाण्यात फोटो काढायचे. याला काय सहल म्हणायची? माणूस वर्षभर बॉसचं ऐकतो. चार दिवस तरी कुणी सांगू नये असं वाटतं. तुमच्या भावजींची बाजू मला पटते.

---

खाजनातला खेकडा | ९ जानेवारी, सकाळी ७:०५

ठसकेबुवा, "काही झालं नाही" हे तुम्ही लिहू शकता, कारण काही झालं नाही. ज्यांचं झालं ते धाग्यावर येत नाहीत.

माझं घर कांदोळीला, आजोबा रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मासेमार होते. हंगामात आम्ही दर आठवड्याला कुणाला तरी ओढून काढलेलं बघतो. आमचा राग पर्यटकांवर नाही, 'आम्हाला सगळं कळतं' या चेहऱ्यावर आहे. पाऊस लागला की समुद्र बंद, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. जून ते सप्टेंबर लाल बावटा, वॉटर स्पोर्ट्स बंद, शॅक मोडलेले. तरी जुलैत पाच जण येतात आणि कपडे काढून थेट आत. सांगायला गेलं तर म्हणतात, "अंकल, हम स्विमर है." तलावातले स्विमर!

लाल-पिवळा बावटा दोन ठिकाणी रोवलेला असतो, त्यांच्यामधला पट्टा पोहण्यासाठी. एवढं एक पाळलं तरी पुष्कळ. नदीच्या मुखाशी, म्हणजे बागाची खाडी, मोरजीचं टोक, काणकोणात तळपण, तिथे आमचे मासेमारही उगाच उतरत नाहीत.

---

निळी छत्री | ९ जानेवारी, सकाळी ८:३०

खेकडा यांच्याशी सहमत. मात्र 'शेंबड्या पोराला' वगैरे लिहिल्यानं समोरचा ऐकायचा बंद होतो. हलके घ्या.

---

दर्यावर्दी | ९ जानेवारी, सकाळी ११:१५

तीस वर्षं बोटीवर काढून आता पर्वरीत निवृत्त आयुष्य जगतो आहे. म्हापसेकरीण, तुमच्या पुतण्याचं जे झालं ते नीट समजून घेतलं तर निम्मी हवालदारी वाचेल.

लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दांड्यांमध्ये जिथे खोलगट घळ असते तिथून ते एकवटून बाहेर पळतं. गंमत अशी की घळीवर लाट फुटत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये पाच-दहा मीटरचा गुळगुळीत, जरा गढूळ पट्टा. लहान मुलांना घेऊन आलेले आईबाप नेमका तोच 'शांत' पट्टा निवडतात! ओहोटीला ही ओढ बहुतेक वाढते. नदीच्या मुखाशी नदीचं पाणीही त्यात सामील होतं.

त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं हातपाय मारू नका. पट्टीचा पोहणाराही दमतो आणि दमूनच बुडतो. अंग सैल सोडून तरंगा, हात वर करा, जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत घळीबाहेर पडा आणि मग लाटेबरोबर आत या. ओढ तुम्हाला बाहेर नेते, तळाशी खेचत नाही.

आता कोकणातला जुना हिशेब. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. २५ जानेवारीला रथसप्तमी. सात गुणिले पाऊण म्हणजे सव्वापाच. पहाटे सव्वापाचच्या सुमारास भरती, पुढे सहा तासांनी, साडेअकराच्या आसपास पूर्ण ओहोटी, संध्याकाळी साडेपाचला पुन्हा भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा, नेमकी वेळ तक्त्यात बघा. तुमचं नशीब चांगलं, सप्तमी-अष्टमीला भांगाचं पाणी असतं, उधाणासारखा जोर नसतो. पण पोरांना पाण्यात सोडायचंच असेल तर दहा ते दीड ही वेळ टाळा. तसंही उन्हानं करपायचीच वेळ ती.

---

अर्धवट पुणेकर | ९ जानेवारी, सकाळी ११:३२

तिथी बघून समुद्रात उतरायचं! आमच्या आजीला हे कळलं असतं तर तिनं आम्हाला एकादशीलाही बुडू दिलं नसतं.

(माहिती मात्र कडक. पाऊणपट आजच कळली.)

---

जुईली | ९ जानेवारी, दुपारी २:४०

मी वेगळ्या बाजूनं लिहिते. गेली सहा वर्षं एकटीच गोव्याला येते, बहुतेक वेळा आगोंद किंवा पाळोळ्याला. सगळे विचारतात, भीती नाही वाटत? वाटते ना. म्हणूनच आराम मिळतो.

सांगते कसा. पोचल्या दिवशी पहिला तास मी फक्त सोय लावते. खोलीची कडी आतून नीट लागते का, खिडकीला खिटी आहे का, रात्री परतायचा रस्ता दिव्यांचा आहे का, जवळचं औषधांचं दुकान कुठे. मालकिणीशी दोन वाक्यं बोलून ठेवते, म्हणजे मी नऊपर्यंत आले नाही तर निदान एका माणसाच्या लक्षात येईल. बहिणीला लोकेशन चालू. एवढं झालं की पुढचे चार दिवस डोक्यात काही येत नाही. ज्या वर्षी हा तास टाळला त्या वर्षी रात्री तीनदा उठून कडी बघितली.

पेयाचं म्हणाल तर माझा ग्लास माझ्यासमोर भरला जातो आणि मी उठले की तो ग्लास संपला असं धरते, अर्धा उरला तरी. एकदा एका ठिकाणी (नाव नको) शेजारच्या टेबलावरच्या मुलांनी आग्रहानं 'लोकल काहीतरी' पाठवलं होतं. मी तसंच ठेवलं. वेटरनं जाताजाता हळूच ते उचलून नेलं आणि म्हणाला, "ताई, बरं केलंत." त्या ग्लासात काय होतं ते मला आजही माहीत नाही. पण त्या वेटरचा चेहरा लक्षात आहे.

---

कोल्हापुरी ठसका | ९ जानेवारी, दुपारी ३:१०

जुईली, तुमचं पटलं. बाईमाणसाचं वेगळं असतं.

---

जुईली | ९ जानेवारी, दुपारी ३:१४

वेगळं नसतं हो ठसके. किनाऱ्यावर दलाल गाठून 'क्लबमध्ये एंट्री फ्री' म्हणून नेतात आणि मग दारात पहिलवान उभे करून हजारोंचं बिल वसूल करतात, ते बाप्यांनाच. आमच्यामागे एवढे पैसे खर्चणारे कुणी नसतात.

---

खाजनातला खेकडा | ९ जानेवारी, दुपारी ३:३०

+१०० . आणि लाजेनं पोलिसांत जात नाहीत, म्हणून हे चालतं.

---

डॉ. डुलकी | ९ जानेवारी, रात्री ११:५८

रात्रपाळी चालू आहे, म्हणून तुकड्यातुकड्यानं लिहितोय. उत्तर गोव्यातल्या एका छोट्या रुग्णालयात कॅज्युअल्टीला असतो.

लोकांना वाटतं आमच्याकडे समुद्रातले जास्त येतात. नाही. स्कूटरवाले. चड्डी, स्लीपर, मागे मैत्रीण, एका हातात फोनवर नकाशा. वळणावर वाळू असते किंवा गाय बसलेली असते. गुडघा, कोपर, हनुवटी, हा ठरलेला क्रम. हेल्मेट नसेल तर क्रम बदलतो, त्याबद्दल इथे लिहीत नाही. सायलेन्सरला पोटरी टेकून भाजलेल्यांना आमची सिस्टर 'गोव्याचा टॅटू काढला' म्हणते.

भाड्यानं गाडी घेताना पाटी बघा. काळी पाटी, पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याची परवानाधारक गाडी. पांढरी पाटी म्हणजे कुणाची तरी घरची, ती भाड्यानं देणं बेकायदा. अपघात झाला तर विम्याचं काय होईल त्याची कल्पना करा. शंभर रुपये स्वस्त पडते म्हणून लोक घेतात.

दुसरं, बुडता माणूस बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसू नका, उलटं टांगू नका. श्वास चालू नसेल तर तोंडावाटे श्वास द्या, छाती दाबायला लागा आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर असेल पण पाणी नाकातोंडात जाऊन खोकत असेल तर 'आता बरा आहे' म्हणून शॅकवर बसवून बिअर देऊ नका. असा एक नमुना मी स्वतः पाहिला आहे. काही तास नजरेखाली हवा.

जेलीफिश चावली की लोक चोळतात आणि वर बिसलेरी ओततात. दोन्हींनी त्रास वाढतो. समुद्राच्याच पाण्यानं धुवा, चिकटलेले धागे चिमट्यानं अलगद काढा, जीवरक्षकांकडे प्रथमोपचार असतो. धाप लागली, चेहरा सुजला तर मात्र लगेच हलवा.

आलो, एक पेशंट आलाय. ओळखा कशावरून पडला.

---

अर्धवट पुणेकर | १० जानेवारी, सकाळी ९:१०

स्कूटरवरून?

---

डॉ. डुलकी | १० जानेवारी, सकाळी ९:४५

पलंगावरून. पण हुर्राक (काजूची दारू) पिऊन नव्हे, आताशा हंगाम नाही. साधी बिअर.

---

आजीचा बटवा | १० जानेवारी, सकाळी १०:२०

हुर्राकवरून आठवलं, मार्च-एप्रिलमध्ये आमच्या डिचोलीत काजूच्या बागांत गेलात तर तो दरवळ! लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून... असो. मी नातवंडांवाली बाई, मी हे लिहू नये.

---

अर्धवट पुणेकर | १० जानेवारी, सकाळी १०:२२

लिहा हो आजी, सविस्तर लिहा. स्वतंत्र धागा काढा.

---

निळी छत्री | १० जानेवारी, दुपारी १२:००

धागा भरकटायच्या आत एक गंभीर मुद्दा. गेल्या महिन्यात हडफड्याच्या नाइट क्लबला आग लागली आणि २५ माणसं गेली. त्यात बरेचसे तिथलेच कामगार, काहीजण तळघरात अडकले. त्याआधी २०२४ च्या नाताळच्या दिवशी कळंगुटला पर्यटकांची बोट उलटून एकाचा जीव गेला. यांत पर्यटकांनी 'काळजी घेऊन' काय केलं असतं? एका मर्यादेपलीकडे ही जबाबदारी परवाने देणाऱ्यांची आणि धंदा करणाऱ्यांची आहे. सगळं ओझं वहिनींच्या डोक्यावर कशाला?

---

दर्यावर्दी | १० जानेवारी, दुपारी १:३५

छत्री, तुमचा मुद्दा अगदी योग्य आहे, आणि तरी. बोटीवर चढल्यावर आम्ही पहिलं काम काय करायचो, तर केबिनपासून वर डेकपर्यंत डोळे मिटून जायची वाट पाठ करायची. बोट कितीही नवी असो. तीच सवय मला अजून हॉटेलात आणि हॉलमध्ये आहे. आत शिरलो की दुसरं दार कुठे ते बघतो. बायको म्हणते, लग्नाला आलोय, जहाज बुडत नाहीये. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, मग जेवायला बसतो.

बोटीचं म्हणाल तर जॅकेट 'दिलं' आणि 'घातलं' यांत फरक आहे. पट्टे बांधलेले हवेत. सीटखाली ठेवलेलं जॅकेट बोट उलटल्यावर सापडत नाही. माणसं मोजा, बोटीवर क्षमता लिहिलेली असते. जास्त वाटली तर उतरून जा, पैसे गेले तर गेले. ग्रँड आयलंडच्या सहलीला बसताना हे मी पाहुण्यांना स्वतः सांगतो आणि दोनदा उतरलोही आहे. दुसऱ्यांदा साडू चार दिवस बोलला नाही.

---

म्हापसेकरीण | १० जानेवारी, रात्री ९:०५

सगळ्यांचे आभार. दर्यावर्दीकाका, ती गुळगुळीत पट्ट्याची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. मोरजीला अगदी तसंच होतं, आणि "इथे लाटा कमी आहेत" असं म्हणून ती जागा मीच दाखवली होती. हे घरात अजून कुणाला बोलले नाहीये.

जुईली, तुझा पहिला तास मला आवडला. पण बारा माणसांना तो तास कसा द्यायचा? भावजी गाडीतून उतरल्या उतरल्या "चला बागा" म्हणतात.

---

आजीचा बटवा | १० जानेवारी, रात्री ९:४०

अगं, तू सांगूच नकोस. घरात असं एक माणूस असतं ज्याच्यापुढे तुझे भावजी तोंड उघडत नाहीत. ते कोण ते शोध आणि त्याला काम दे. आमच्याकडे माझे थोरले दीर होते. ते नुसते छत्री टेकून किनाऱ्यावर उभे राहायचे. पोरं आपोआप गुडघ्याएवढ्या पाण्यात!

आणि दुसरं, चारही दिवस समुद्र कशाला हवा? एक दिवस दिवाडीला ने. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट. सासूबाईंना आवडेल. वाटेत कुणाला काही सांगावं लागत नाही.

---

खाजनातला खेकडा | १० जानेवारी, रात्री १०:१५

आजी, दिवाडीचं नाव काढलंत! खरं बेट बघायचं तर तेच. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं. पोर्तुगीजांनी पाडलं, मग देव नदीपलीकडे नार्व्याला नेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. आधी दिवाडी आणि मग तिथून फेरीनं नार्वे, असा दिवस काढा. भातशेती, बांध, खाजनं (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतं), बगळे. माणूस खरा सुशेगाद, म्हणजे निवांत, होतो तिथे. एकच, फेरीत चढता-उतरताना मुलांचा हात धरा, फळी ओली असते.

---

अर्धवट पुणेकर | १० जानेवारी, रात्री १०:२०

आणि मगरी? कुंभारजुव्याच्या पाण्यात मगरी आहेत असं ऐकलंय. म्हणजे समुद्रातून वाचवून मगरीकडे!

---

खाजनातला खेकडा | १० जानेवारी, रात्री १०:३१

आहेत की. फोंडा भागात दुर्भाट-बोरीकडे पौष अमावास्येला मातीची मगर करून तिची पूजा करतात, मांगे थापणी म्हणतात. येत्या १८ तारखेलाच आहे. खाजनाच्या बांधाचं राखण तिच्याकडे, अशी श्रद्धा. तुम्ही चिखलात सेल्फीला उतरला नाहीत तर ती तुमच्या वाटेला येत नाही. तिचं आणि आमचं शेकडो वर्षं ठीक चाललंय.

---

कोल्हापुरी ठसका | ११ जानेवारी, सकाळी ८:५०

रात्रभर विचार केला. वर लिहिलं ते पूर्ण खरं नाही. २००७ साली हरमलला माझा मित्र ओढीत सापडला होता. मी किनाऱ्यावर होतो आणि बाटली फोडत होतो. तो हात हलवत होता, मला वाटलं बोलावतोय. मीही हात हलवला. एका परदेशी बाईनं त्याला काढलं. आम्ही दोघंही हे कधी कुणाला सांगितलं नाही, त्या वर्षाचं सगळं 'लई मजा आली' असंच सांगतो.

काही झालं नाही असं लिहिलं खरं.

---

दर्यावर्दी | ११ जानेवारी, सकाळी ९:१५

ठसके, लिहिलंत ते बरं केलंत. बुडणारा माणूस ओरडत नाही हो, ओरडायला श्वास लागतो. म्हणून पिणारे कितीही असोत, किनाऱ्यावर एक माणूस न प्यायलेला आणि पाण्याकडे तोंड करून बसलेला हवा. पाळीपाळीनं. आमच्या बोटीवर त्याला 'वॉच' म्हणत, आणि वॉच संपलेला माणूस जी झोप काढायचा तशी झोप मी नंतर कधी घेतली नाही.

---

म्हापसेकरीण | २८ जानेवारी, रात्री १०:३०

वृत्तान्त द्यायचा राहिला होता. परवा सगळे गेले, आज चादरी धुतल्या.

आजी, ते माणूस सापडलं. सासूबाई! बेचाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवल्यात, भावजीही त्यांच्याच वर्गात होते. २३ ला रात्री जेवताना मी फक्त एवढंच म्हटलं, "आई, समुद्रावर तुम्हाला कंटाळा येईल, मुलांकडे बघत बसाल का?" त्यांनी विचारलं, बघायचं म्हणजे काय बघायचं. मग मी गुळगुळीत पट्टा, बावटे, ओहोटीची वेळ, सगळं त्यांना सांगितलं. सगळ्यांना नाही, एकट्या त्यांना. मोरजीची जागा मी दाखवली होती तेही सांगून टाकलं. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त माझ्या ताटात आणखी एक बांगडा वाढला.

२४ ला मांद्र्याला गेलो. सासूबाई नऊवारीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, डोक्यावर पदर, बाजूला थर्मास. गळ्यात शिट्टी! पिशवीतून आणली होती, शाळेतली, पितळी. दहा वाजता एकदा फुंकली. किनाऱ्यावरच्या अनोळखी पोरांसकट सगळे पाण्याबाहेर. जीवरक्षक मुलगा लांबून बघत होता, नंतर येऊन त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "आजी, उद्या पण येणार ना?"

दर्यावर्दीकाका, वॉचच्या पाळ्याही लावल्या. भावजींची पाळी चारला होती. फोन सासूबाईंच्या पिशवीत. दहा मिनिटं गुरगुरले, मग एकटक पाण्याकडे बघत बसले. मध्येच म्हणाले, "वहिनी, तो मधला पट्टा वेगळा दिसतो नाही?" मी म्हटलं, दिसतो.

आणि मी शॅकवरच्या आरामखुर्चीत झोपले. चाळीस मिनिटं. नऊ वर्षांत गोव्याच्या वाळूवर पहिल्यांदा.

सगळंच जमलं असं नाही. जाऊबाईंना शिट्टी आवडली नाही, "लोक बघतात" म्हणाल्या. हेल्मेटवरून भावजींशी वाजलंच, काळ्या पाटीची गाडी घेतली पण हेल्मेट आरशाला अडकवून फिरले. २५ ला दिवाडी-नार्वे केलं. सासूबाई सप्तकोटेश्वराच्या दीपमाळेशी तासभर बसल्या, उठायलाच तयार नव्हत्या. मगर दिसली नाही.

---

आजीचा बटवा | २८ जानेवारी, रात्री १०:५२

पितळी शिट्टी! अगं, आता मिळतात का तसल्या कुठे?

---

कोल्हापुरी ठसका | २८ जानेवारी, रात्री ११:०५

आमच्याकडे गुजरीत बघतो. मार्चमध्ये मित्राबरोबर हरमलला निघालोय. तोच मित्र.

---

अर्धवट पुणेकर | २९ जानेवारी, सकाळी ७:४०

दोन आणा. एक आमच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलला. आणि म्हापसेकरीण, सासूबाईंच्या तारखा मेपर्यंत कशा आहेत?

---

म्हापसेकरीण | २९ जानेवारी, सकाळी ९:१५

त्या इथेच आहेत. बाकीचे गेले, त्या राहिल्या. आज सकाळी विचारत होत्या, पौर्णिमा कधी आहे, उधाण बघायचंय.